सोडली म्हणून सांगितलं

सटवाजीच्या हातची हळद कधी कच्ची राहिली नाही की जास्त शिजून पिचली नाही, असं शिरड शहापूरच्या आसपासच्या गावांत सगळेच म्हणायचे. हळद काढायला आली की लोक आधी सटवाजीला सांगून ठेवायचे आणि मग मजूर बघायचे. जुनी लोखंडी कढई असो नाहीतर अलीकडचा वाफेचा कुकर असो, तो शेजारी उभा राहायचा, वाफेचा वास घ्यायचा, एक हळकुंड बाहेर काढून त्यात बाभळीचा काटा टोचायचा आणि म्हणायचा, "उतरवा." त्याच्यानंतर दुसऱ्या कुणी काटा टोचून बघत नसे.

आईबापाची आधीची लेकरं राहिली नव्हती. सटवाईला नवस बोलून हा झाला, म्हणून सटवाजी. लहानपणी त्याला कुणी रागे भरलं नाही आणि मोठा झाल्यावर त्यानंही कुणाला रागे भरलं नाही. बायको नर्मदाबाईशी संसार मांडून त्याला इतकी वर्षं झाली होती, की अंगणात नातवंडं खेळायला लागली होती, पण एवढ्या काळात त्यानं तिच्यावर हात उचलला नव्हता. पोरगा विश्वंभर बापाच्याच हाताखाली कुकर चालवायचा. चुकला तर बाप म्हणायचा, "जाऊ दे, पुढच्या घाण्याला ध्यान दे." यापलीकडं काही नाही.

आणि हा माणूस रोज प्यायचा.

त्याला मात्र गावात कुणी दारुडा म्हणत नव्हतं. दारुडा म्हणजे पारावर लोळणारा, बायकोला मारणारा, लुगडी विकणारा. सटवाजी त्यातला नव्हता. हळद शिजवणाऱ्याला वाफेपुढं, जाळापुढं दिवसरात्र उभं राहावं लागतं, म्हणून शेतकरीच त्याला मजुरीबरोबर एक बाटली द्यायचा. तिला 'वाफेवरची' म्हणायचे. भाकर-कालवण जसं द्यायचं तशी वाफेवरची द्यायची, तो रिवाजच होता. हंगाम संपला की बाकीच्यांची वाफेवरची संपायची. सटवाजीची संपली नाही. पाऊस पडला, पेरण्या झाल्या, दिवाळी आली तरी ती चालूच राहिली. नाव मात्र तेच राहिलं.

नर्मदाबाईला ते सगळं माहीत होतं. सकाळी चहा दिला की त्याच्या हातात कप बशीवर टकटक वाजायचा. मग ती काही न बोलता उतरंडीमागची बाटली काढायची. त्याआधी देवघराचा पडदा ओढून घ्यायची. दोन घोट पोटात गेले की हात बराबर व्हायचा आणि सटवाजी कामाला लागायचा. भांडून बघितलं होतं तिनं, नवस करून बघितला होता, एकदा माहेरी जाऊनही बसली होती. मग तिनं मनाशी ठरवलं, की बाहेर कुठं पिऊन पडण्यापेक्षा घरात, आपल्या हातानं, मोजकी. तिला वाटायचं, एवढं तरी आपण सांभाळून राहिलोय.

मागच्या हंगामात ओल्या हळदीची पाटी उचलताना सटवाजीच्या जांघेत कळ आली. तिथं लिंबाएवढं काहीतरी वर आलं. झोपलं की आत जायचं, उभं राहिलं की बाहेर यायचं. त्यानं त्यावर कापडाचा पट्टा आवळून बांधला आणि काम रेटलं. पण वर्ष सरता सरता ते लिंबाचं पेरूएवढं झालं आणि एक दिवस आत जाईना. विश्वंभरनं मोटारसायकलवर मागं बसवून त्याला हिंगोलीला नेलं. नर्मदाबाई जीपनं मागून गेली.

डॉक्टरनं हातानं दाबून ते कसंबसं आत बसवलं. "हर्निया आहे," तो म्हणाला. "ऑपरेशन करावं लागेल. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल." मग जरा पुढं वाकून त्यानं विचारलं, "दारू घेता का?"

"दारू न्हाई साहेब. वाफेवरची घेतो थोडी."

"वाफेवरची म्हणजे?"

विश्वंभरनं मान खाली घालून सांगितलं. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "तुम्ही नाव काही ठेवा काका, लिव्हरला मराठी कळत नाही. महिनाभर पूर्ण बंद, मग ऑपरेशन. पिणाऱ्याला भूल नीट चढत नाही, रक्त लवकर थांबत नाही, जखम भरत नाही. आणि हे बघा, रोजची सवय असेल तर एकदम सोडल्यावर तकलीफ होते. हात थरथरले, झोप लागेना झाली तर इकडं या. गोळ्या देतो. घरी बसून सोसायचं नाही."

बाहेर आल्यावर सटवाजी पायरीवर बसला आणि म्हणाला, "गोळ्या खाऊन सोडायला म्या काय दारुडा हाय व्हय?"

त्याला जिवाची भीती होती, आणि डॉक्टरकडं पुन्हा जाऊन 'मला सुटत नाही' म्हणायची त्याहून जास्त होती. महिना असाच गेला. रोज सकाळी तो म्हणायचा, "उद्यापासून." नर्मदाबाई कप वाजायची वाट बघायची आणि कप वाजायचाच. तिनं एकदा बाटली दिली नाही. दुपारपर्यंत तो घामानं भिजला, ओकला, आणि भिंतीला धरून उभा राहिला. "नर्मदे, मरून जाईन गं," एवढंच बोलला. तिनं पडदा ओढला.

ऑपरेशनची तारीख तोंडावर आली तेव्हा तिनं आपल्या भावाला निरोप धाडला. ग्यानोबा आखाडा बाळापूरकडं राहायचा. जुना माळकरी, गळा गोड, चार गावांत मान. तो आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू काहून रडून राहिलीस? आपल्या सप्त्याचा काला हाय ना? महाराजांच्या हातानं पाव्हण्यांच्या गळ्यात माळ घालू. माळ पडली की सुटली म्हणून समज. म्या कैक जणांची बघितली."

तिलाही ते पटलं. खरं तर तिला फार दिवसांपासून हेच हवं होतं.

काल्याच्या दिवशी सकाळी सटवाजीनं आंघोळ केली. कप वाजला. नर्मदाबाई थांबली. मग म्हणाली, "शेवटची," आणि दिली. त्यानंही डोळे मिटून घेतली. तासाभरात मंडपात महाराजांनी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायांनी त्याला ओवाळलं. सटवाजी लहान लेकरासारखा रडला. महाराज म्हणाले, "आजपासून हा माणूस नव्यानं जन्मला. मागचं कुणी काढायचं नाही. जो काढील त्याला त्याचं पाप." सगळ्यांनी हात जोडले. नर्मदाबाईनं तर पदर पसरला.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात भरती झाले.

भूल देणारा डॉक्टर दुसराच होता. तरुण होता, घाईत होता. खाटेशी उभं राहून त्यानं विचारायला सुरुवात केली. बीपी? साखर? दमा? सटवाजीचे हात चादरीखाली थरथरत होते.

"घाबरलात का काका?"

"भ्यालेत जरा," ग्यानोबा म्हणाला.

"तंबाखू?"

"खातो."

"दारू?"

सटवाजीनं नर्मदाबाईकडं बघितलं. तिला आठवलं, महाराज काय म्हणाले ते. आणि ती खोटं तर बोलणार नव्हतीच.

"सोडली, साहेब," ती म्हणाली.

"माळकरी हायेत," ग्यानोबानं जोड दिली आणि सटवाजीच्या गळ्यातली माळ दोन बोटांनी उचलून दाखवली.

डॉक्टरनं कागद चाळला. त्यात महिन्यापूर्वीच दारू बंद करायला सांगितल्याची नोंद होती. त्याला सगळं जुळल्यासारखं वाटलं असावं. "छान," तो म्हणाला आणि पुढच्या खाटेकडं गेला.

पुढच्या खाटेवर गुलाबसिंग होता. कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा म्हातारा, पित्ताशयाचे खडे काढून पडलेला. त्याची बायको भिकाबाई पायाशी बसून शेंगा सोलत होती. डॉक्टर गेल्यावर गुलाबसिंग सटवाजीकडं वळून म्हणाला, "तुमचं बरं हाय दादा, एका बोलात सुटले. मला इथून दोनदा वापस हाकललं. म्हणे, आधी दारू सोड. मी म्हणलं, साहेब, खडे काढा, दारूचं मी बघतो. तर म्हणे न्हाई, आधी दारूच काढू."

"मग?" विश्वंभरनं विचारलं.

"मग काय, गोळ्या देऊन घरी धाडलं. पंधरवडा लेकराच्या मुताएवढी बी न्हाई."

"पंधरवडा खोटं बोलतो मेला," भिकाबाई शेंग फोडत म्हणाली. "पहिल्या दिवशी माझ्याच माहेरी जाऊन प्यायला. म्याच येऊन डॉक्टरला सांगितलं. मग डॉक्टरनं याला झापलं आणि तारीख पुढं ढकलली."

"बायको हाय का चौकी हाय ही, सांगा," गुलाबसिंग म्हणाला, आणि टाके दुखले म्हणून पोट धरून हसला.

सटवाजीही हसला. नर्मदाबाई हसली नाही. तिला त्या बाईचं नवल वाटलं. परक्या माणसापुढं नवऱ्याचं असं काढायचं, आणि तेही एवढ्या सहज.

ऑपरेशन नीट झालं. सकाळी आत नेलं आणि ऊन चढायच्या आत बाहेर आणलं. ऑपरेशन केलेला डॉक्टर म्हणाला, जाळी बसवलीय, चार दिवसांत चालायला लागतील. ग्यानोबानं पेढे वाटले. नर्मदाबाईनं खालच्या मजल्यावरच्या गणपतीपुढं नारळ ठेवला.

संध्याकाळपासून सटवाजीचं अंग घामानं निथळायला लागलं. डोळ्याला डोळा लागेना. उजाडलं तेव्हा तो छताकडं बघून कुणाशी तरी बोलत होता.

"जाळ कमी करा रे. उतू चाललंय."

"काय उतू चाललंय, आवं?"

"कढई. विश्वंभर, पऱ्हाट्या ओढ बाहेर. समदी हळद पिचून राहिली." मग तो चादरीवरून काहीतरी वेचायला लागला. एकेक वेचून बाजूला टाकायचा, जसा हळकुंडांतला पाला आणि माती निवडावी तसा. त्याचे हात इतके थरथरत होते की लोखंडी खाट वाजत होती.

ग्यानोबानं ते बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "नामाचा अंमल चढून राहिला," तो हळू आवाजात म्हणाला. "जुनं निघायला लागलं की अंग असंच थरथरतं. म्या बघितलंय. कुणी त्यांना अडवू नका." त्यानं खाटेशी बसून भजन धरलं. गावाहून भेटायला आलेली माणसं दारात चपला काढून आत आली. एकानं सटवाजीच्या पायावर डोकं ठेवलं, मग दुसऱ्यानं ठेवलं. एका म्हातारीनं त्याच्या उशाशी खडीसाखर ठेवली आणि विचारलं, "देवा, माझ्या नातीचं जमंल का यंदा?" सटवाजी तिच्याकडं बघून म्हणाला, "अजून कच्ची हाय, थांबा." म्हातारीनं ते पदराला गाठ मारावी तसं मनात बांधून घेतलं.

शितल सिस्टर बीपी बघायला आली आणि चिडली. "हा दवाखाना आहे का देऊळ? सगळे बाहेर व्हा आधी." बीपी बघून तिचा चेहरा बदलला. तिनं त्या भुलीच्या डॉक्टरला बोलावलं.

डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, जीभ बाहेर काढायला लावली. "भुलीनंतर काहींना असा भ्रम होतो," तो म्हणाला. "रक्तातलं मीठ कमी झालं असेल. तपासायला पाठवू." जाता जाता दाराशी थांबून त्यानं पुन्हा विचारलं, "दारू महिन्यापासून बंद आहे ना? नक्की?"

"माळ बघा की साहेब," ग्यानोबा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा राग होता.

डॉक्टरनं नर्मदाबाईकडं बघितलं. तिच्या ओठांवर ते आलं होतं. भरतीच्या आदल्या दिवसापर्यंत. माझ्याच हातानं. पण दारात गाव उभं होतं. ज्या माणसाच्या पायावर लोकांनी आत्ताच डोकं ठेवलं, त्याचं मागचं काढायचं. महाराजांचा शब्द मोडायचा. आणि त्या पापानंच त्याला आणखी काही झालं तर? तिनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. ती हो म्हणून हलली की नुसतीच हलली, हे तिलाही नंतर सांगता आलं नाही.

डॉक्टर गेला. माणसं चहा प्यायला पांगली. तेव्हा भिकाबाई उठून तिच्याजवळ येऊन बसली.

"बाई, तुझ्या माणसानं कधी सोडली?"

नर्मदाबाई सटवाजीची चादर नीट करायला लागली.

"मला काय करायचंय, म्हणशील. पण असं वेचणं म्या बघितलंय. माझा सासरा असाच भिंतीवरच्या मुंग्या वेचायचा, आणि भिंतीवर मुंगी नव्हती. देव न्हाई ते. सुटलेली दारू हाय."

"महाराजांनी सांगितलंय, मागचं काढू नका म्हणून."

"महाराज इथं हाय का?" भिकाबाई म्हणाली. "जा. डॉक्टरला सांग. हा माझा म्हातारा माझ्यावर आठ दिवस चिडून बसला व्हता. पण बस म्हणलं. चिडलेला चालंल, मेलेला न्हाई चालत."

नर्मदाबाई उठली. जिन्यानं खाली उतरली. डॉक्टरची खोली गणपतीच्या पलीकडं होती आणि ती गणपतीपाशी थांबली. तिला आधी देवाची परवानगी घ्यायची होती. आयुष्यभर तिनं कुठलंही काम त्याला विचारल्याशिवाय केलं नव्हतं. पेरणी, पोराचं लग्न, औषधसुद्धा. तिनं हात जोडले, डोळे मिटले. शब्द मोडला तर मला शिक्षा दे, त्यांना देऊ नको, असं ती म्हणत होती. ते म्हणून झालं तरी तिचे पाय उचलेनात. तिला काहीतरी खूण हवी होती. फूल पडावं, उदबत्तीची राख पडावी, काहीही.

वरून धपकन आवाज आला आणि पाठोपाठ विश्वंभरचा.

ती वर पोचली तेव्हा सटवाजी फरशीवर होता. कढई उतरवायला म्हणून तो खाटेवरून उठला होता. पोटाच्या खालची पट्टी लाल झाली होती आणि सगळं अंग ताठ होऊन झटके देत होतं. डोळे वर गेले होते. तोंडातून ओकारी बाहेर येत होती, आणि घशात आतही जात होती. ग्यानोबा भिंतीला टेकून उभा होता. भजन थांबलं होतं.

डॉक्टर धावत आला. त्यानं सटवाजीला कुशीवर केलं. नर्मदाबाई त्याच्या शेजारी फरशीवरच बसली आणि म्हणाली, "साहेब, सोडली खरी. पर भरती व्हायच्या आदल्या दिवशी सोडली. सकाळी घेतली व्हती. म्याच दिली."

"रोज?"

"रोज. लई वर्सं झाली. सकाळी न्हाई दिली तर हात थरथरायचे."

डॉक्टरनं शितल सिस्टरला इंजेक्शनाचं नाव सांगितलं आणि ती पळाली. सटवाजीचे झटके थांबले. श्वास मात्र घरघरत राहिला. डॉक्टर उठून हात धुवायला गेला तेव्हा नर्मदाबाई त्याच्या मागं गेली. तो तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बाई," तो म्हणाला, "हे आधी कळलं असतं तर मी ऑपरेशन पुढं ढकललं असतं. गोळ्या दिल्या असत्या. बस्स, एवढंच करायचं होतं." मग टॉवेल खाली ठेवून म्हणाला, "मीही नीट विचारायला हवं होतं. कधी सोडली, एवढा एक शब्द जास्त." आणि तो नांदेडला फोन लावायला गेला.

नांदेडच्या वाटेवर रुग्णवाहिकेत सटवाजीचा हात नर्मदाबाईच्या हातात होता. इंजेक्शनानं तो शांत पडला होता. कित्येक वर्षांनी त्याचा हात दारूवाचून स्थिर होता. ती तो हात कुरवाळत राहिली. वारंगा फाट्याच्या पुढं त्यानं डोळे उघडले आणि तिला ओळखलं.

"नर्मदे, तहान लागली गं."

पाणी द्यायचं नव्हतं. तिनं ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवला.

नांदेडला त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. ओकारी फुप्फुसात उतरली होती, तिथं पू झाला. जखम उसवली होती ती पुन्हा शिवली, पण ती भरेना. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं विश्वंभरला बाजूला नेऊन सांगितलं, की यकृत आधीच थकलेलं आहे, शरीराला झुंजायला काही उरलेलं नाही. नर्मदाबाई काचेच्या बाहेर बसून नाम घेत राहिली. मनातल्या मनात एकच गोष्ट मागत होती, की त्यानं एकदा डोळे उघडावेत म्हणजे आपल्याला त्याच्याशी बोलता येईल. त्यानं डोळे उघडले नाहीत. एका दुपारी शेजारच्या खाटेवर जेवणाचे डबे आले आणि सटवाजीच्या खाटेवरचा पडदा ओढला गेला.

तेराव्याला गाव जमलं. ग्यानोबानं कीर्तन ठेवलं होतं. सटवाजी माळकरी होऊन गेला, देहाचं सोनं झालं, असं कीर्तनकार बोलला. बाया रडल्या. जेवणं उरकल्यावर मंडपात माणसं बसली आणि बोलणं दुसरीकडं वळलं.

"चालता बोलता माणूस दवाखान्यात गेला," एकजण म्हणाला. "हर्नियानं कुणी मरतं का कधी?"

"भूल जास्त दिली असंल."

"पोरगेला डॉक्टर व्हता तो भुलीचा. म्या बघितला ना. माणसाकडं ध्यानच न्हाई त्याचं."

"जीप भरून जाऊ हिंगोलीला. जाब विचारू. दोन काचा फुटल्या म्हणजे बराबर बोलतेत."

ग्यानोबानं मान डोलावली. "पाव्हण्यांचा जीव असा फुकट जाऊ द्यायचा न्हाई. विश्वंभर, तू पुढं व्हय. आमी मागं हाओत."

विश्वंभरनं उपरणं खांद्यावर टाकलं. तो बापाच्या आठवणीनं नुसता पेटलेला होता आणि त्याला कुठंतरी जायचंच होतं.

नर्मदाबाई आतल्या उंबऱ्याशी बायांत बसली होती. ती उठून मंडपाच्या मध्ये आली. बाई माणूस असं पुरुषांत येत नाही, म्हणून सगळे तिच्याकडं वळून बघायला लागले.

"कुणी जायचं न्हाई," ती म्हणाली.

"नर्मदे, तू आत जा," ग्यानोबा म्हणाला. "तुला यातलं कळत न्हाई."

"मलाच कळतंय, दादा. डॉक्टरनं इचारलं व्हतं. दोनदा इचारलं. ते आदल्या दिवसापर्यंत पीत व्हते अन् म्या सोडली म्हणून सांगितलं. माळ घालायच्या आधी सकाळी म्याच पाजली. डॉक्टरला ठावं असतं तर त्यांनी कापलंच नसतं."

मग ग्यानोबा उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तेराव्याच्या दिवशी," तो म्हणाला. "माळ घालून गेलेल्या माणसाला, तेराव्याच्या दिवशी बायकोनं दारुडा केला. बघा लोकहो." त्यानं टाळ पिशवीत घातले आणि पिशवी काखोटीला मारून तो निघाला. बहिणीकडं वळूनही बघितलं नाही. त्याच्यामागं एकेक करून माणसं उठली. हिंगोलीला कुणी गेलं नाही. जाताना बाया तिच्यापासून पदर सावरून गेल्या.

मंडपवाला खांब उपटायला आला. नर्मदाबाई उरलेला भात एका पातेल्यात काढत होती. विश्वंभर चुलीपाशी येऊन उभा राहिला. त्यानं दिवसभर काही खाल्लं नव्हतं. तिनं ताट वाढून पुढं सरकवलं. तो बसला, पण त्यानं ताटाला हात लावला नाही.

"माय," तो म्हणाला, "डॉक्टरला न्हाई सांगितलंस, ते ऱ्हाऊ दे. पण मला तरी सांगायचं व्हतंस. म्या सांगितलं असतं डॉक्टरला. काहून न्हाई सांगितलंस मला?"

नर्मदाबाईनं पातेलं खाली ठेवलं. त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं.

"तुला ठावं नव्हतं का रे, बापू?"

विश्वंभरची मान खाली गेली. काल्याच्या आदल्या संध्याकाळी शिरडहून येताना बापासाठी बाटली त्यानंच आणली होती, शर्टाच्या आत लपवून. भुलीचा डॉक्टर विचारत होता तेव्हा तो खाटेच्या पायथ्याशीच उभा होता.

बाहेर मंडपाचा शेवटचा खांब निघाला आणि कापड खाली आलं. माय-लेक चुलीसमोर बसून राहिले. ताटातला भात निवत गेला, आणि दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला जेव म्हणालं नाही.